अनुभव धागा : शोभेच्या कुंडीत काय लावलंत?

चाफेकळी
रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात तांब्याचं घंगाळ दिसलं. दोन्ही बाजूंना कड्या, काठ थोडा चेपलेला. वाईच्या घरी न्हाणीत अगदी असंच होतं. बंबातलं कढत पाणी त्यात काढायचे आणि आम्ही पोरं विसणाच्या तांब्यासाठी भांडायचो. घेऊनच आले. आता त्यात झाड लावायचंय, पण भोक पाडायला हात धजत नाही. तुम्ही कुंडीत, हंड्यात, बरणीत काय लावलंत, कसं भरलंत, जगलं का, सगळं लिहा. फोटो नसला तरी चालेल.

माळरान
भोक पाडू नकाच. आत साधी प्लास्टिकची कुंडी ठेवा, तिच्याखाली विटेचे दोन तुकडे, म्हणजे तळाच्या पाण्यात ती बसत नाही. पाणी घालायचं तेव्हा आतली कुंडी काढून मोरीत निथळू द्यायची. ओली माती थेट तांब्याला लागली तर तांबं मातीत उतरतं, जास्त झालं की मुळांना सोसत नाही. आमच्या पितळी हंड्यात अशीच पीस लिली आहे, उत्तरेच्या खिडकीत. मस्त चाललंय.

आनंदी_डोंबिवली
वाईत कुठे?? माझं आजोळ मेणवली!

चाफेकळी
गंगापुरी! मेणवलीच्या घाटावर तर कितीदा आलोय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

गच्चीवाला
कुकर लावलाय तेवढ्यात लिहितो. सगळे सांगतात तळाला खडीचा थर द्या. देऊ नका. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, खडीच्या वर अडून राहतं. म्हणजे चिखल उलट मुळांच्या जवळ येतो आणि कुंडीची खोली फुकट जाते. भोकावर खापरीचा एक तुकडा पालथा घाला, त्यावर थेट माती. माझं मिश्रण : माती, कुजलेलं शेणखत, कोकोपीट सारखं सारखं, वर मूठभर निंबोळी पेंड. काठाखाली दोन बोटं जागा सोडा, नाहीतर पाणी घातलं की माती गॅलरीभर.
आणि एक, एका कुंडीत तहान सारखी असलेलीच झाडं लावा. नर्सरीत अडेनियमशेजारी कोलियस लावून देतात, दिसतं छान. कोलियसला रोज पाणी लागतं, अडेनियमचा गड्डा त्याने कुजतो. शिट्टी झाली.

कुंदा_रत्नागिरी
आमच्याकडे शोभेची कुंडी म्हणजे वृंदावन. जांभ्याचं आहे, तुळशीच्या लग्नाआधी दरवर्षी गेरू आणि चुना. वरची जागा चिंचोळी, मुळांना वाव कमी. म्हणून जुनी तुळस लाकूड झाली की काढायची आणि माती निम्मी तरी बदलायची. नवं रोप बाजारातून आणत नाही, अंगणात बी पडून उगवलेलंच पावसाच्या सुरुवातीला लावते. कार्तिकात कशी भरदार होते! मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडायच्या, फुटवे येतात. बी धरू दिलं की झाड आवरतं घेतं.
दूधवाला आला, उरलेलं नंतर.

दूरदेशी
कुंदाताई, वाचून घरी गेल्यासारखं वाटलं. इथे म्युनिकला तुळस खिडकीच्या आत, हीटरपासून लांब. थंडी सुरू झाली की मातीच्या कुंड्याही आत घेते. मातीत मुरलेलं पाणी गोठलं की फुगतं आणि कुंडी उभी चिरते. उन्हाळ्यात मात्र गॅलरीच्या कठड्यावर लाल जरेनियम, गल्लीभर सगळ्यांकडे तेच.

आनंदी_डोंबिवली
तुळशीच्या लग्नाच्या चिंचा-आवळे आम्ही अक्षता पडायच्या आधीच पळवायचो. आई ओरडायची, आजी हसायची.
माझी शेवंती चिनीमातीच्या बरणीत आहे, खाली भोक पाडून घेतलंय. पानं भरपूर, कळी एकही नाही. काय करू?

माळरान
रात्री दिवा पडतो का तिच्यावर? शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते.

आनंदी_डोंबिवली
अगंबाई! गॅलरीसमोरच रस्त्याचा दिवा आहे. आजच आतल्या बाजूला सरकवते.

निळी_गोकर्ण
चाफेकळी, घंगाळात पाणी भरून कुमुदिनी लावाल? आमच्या सिमेंटच्या टाकीत आहे. कंद चिकणमातीच्या छोट्या कुंडीत, वर जाडी वाळू, आणि ती पाण्यात बुडवायची. दिवसभर ऊन हवं. गप्पी मासे सोडा, डासांच्या अळ्या खातात. तांब्यात मात्र मासे नकोत, तांबं त्यांना विषारी.
बाकीच्यांनी कुंडीखालच्या ताटल्या आठवड्याला नुसत्या ओतू नका, घासा. डेंगीचे डास काठाला अंडी चिकटवतात, ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात. माझा धाकटा डेंगीत दवाखान्यात होता, तेव्हापासून मी सगळ्यांना हे सांगत असते.

चाफेकळी
आता कसा आहे तो? काळजी घ्या. पाणी नकोच मग, पीस लिली ठरली. घंगाळ चिंचेने घासू की काळपटच राहू दे?

कुंदा_रत्नागिरी
बाहेरून चिंच-मीठ लावून घासा. आतून कशाला, कुंडीच तर बसणार.

निळी_गोकर्ण
आता ठणठणीत आहे, क्रिकेटला गेलाय.

गच्चीवाला
आनंदी, शेवंतीचा बहर संपला की बुंध्यालगतचे मुनवे (बाजूला फुटलेली पिल्लं) मुळांसकट सोडवून वेगळे लावा, फेकू नका. ठाण्यात असतो, दोन मला ठेवा. पांढरी आहे का?

आनंदी_डोंबिवली
पिवळी. ठेवते दोन!