थिबा राजवाड्यात बघण्यासारखं काही आहे का?

पुणेरी_भटक्या: रविवारी रत्नागिरीत दुपारचे दोनेक तास हाताशी आहेत. थिबा राजवाड्यात आता संग्रहालय आहे म्हणे. शाळकरी मुलगी सोबत आहे, कंटाळेल का?

समुद्रपक्षी: मला तरी नाही आवडलं. राजवाडा म्हणून गेलो, तर खोल्या मोकळ्याच. त्यापेक्षा भाट्याच्या किनाऱ्यावर जा.

जांभ्याचा_चिरा: मी इथलाच. थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा राजा. त्याचं सिंहासन बघायला जाल तर निराशाच होणार. ते इंग्रजांनी त्याच्या राजधानीतून, मंडालेहून कलकत्त्याला नेलं आणि १९४८ साली ब्रह्मदेशाला परत दिलं. इथे बघायचं ते घरच.

१८८५ साली थिबाचं राज्य गेलं. पुढच्या एप्रिलमध्ये त्याला इथे आणलं तेव्हा तो २७ वर्षांचा होता. हा वाडा बांधून झाला १९१० साली! तोवर बिऱ्हाड दुसऱ्या बंगल्यांत. वाड्यात उणीपुरी सहा वर्षं काढली आणि १९१६च्या डिसेंबरात वारला. राजवाडा कसला, सरकारी खर्चाने बांधलेली नजरकैदच ती.

वरच्या मजल्यावर अर्धगोल लाकडी खिडक्या आहेत, रंगीत काचांच्या. ऊन कललं की लाल-हिरवे तुकडे जमिनीवर सरकत जातात. माझी भाची त्यांच्यावर पाय ठेवत खोलीभर फिरली होती, तुमचीही फिरेल. बाहेरून तांबडा जांभा, ऐन पावसात तो आणखी गडद दिसतो. मागच्या बाजूची बुद्धमूर्ती चुकवू नका.

पुणेरी_भटक्या: मुलगी आत्ताच विचारतेय, राजाची मुलं परत गेली का?

जांभ्याचा_चिरा: चार मुली. १९१९ला राणी सुपयालत मुलींना घेऊन रंगूनला गेली. थोरली मात्र रत्नागिरीला परतली. वाड्यावरच्याच एका नोकरापासून तिला मुलगी झाली होती, टुटू. ती इथेच वाढली, इथेच संसार केला. बोलायची आपल्यासारखंच मराठी. आमच्या आईच्या पिढीने तिला बाजारात पाहिलंय.

वेळ उरला तर शिवाजीनगरात थिबाची समाधी बघा, शेजारी धाकट्या राणीची. रिक्षावाल्याला नुसतं ‘थिबा’ म्हणाल तर तो ‘थिबा पॉइंट’ या दुसऱ्याच जागी नेऊन सोडेल. ‘समाधी’ म्हणून सांगा.