घरी सगळ्यांनी मिळून पाहण्यासाठी नावाजलेला चित्रपट कसा निवडावा?

जुळे सोलापूरकर:

नमस्कार. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्री सगळ्यांनी एकत्र बसून चित्रपट पाहायचा, असा नेम आम्ही दिवाळीपासून धरला आहे. सासू-सासरे, यजमान, मी, दहावीतली मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा असे घरचे सहा जण असतो. शिवाय शेजारच्या काकू येतात. त्यांची मातृभाषा तेलुगू असली तरी मराठी आमच्याइतकीच सफाईदार आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला, जाणकारांनी वाखाणलेला चित्रपटच लावायचा, एवढाच नियम मी घातला होता, कारण बाकीचे काय, येता-जाता दिसतातच.

गेल्या खेपेस ‘कोर्ट’ लावला. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला आणि राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालेला चित्रपट म्हणजे चिंताच नाही, असे वाटले होते. सासरे न्यायालयात कारकून होते, त्यामुळे त्यांना तर तो नक्की आवडेल, असा माझा होरा होता. अर्ध्या तासाने त्यांनी चष्मा काढला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, “तीस वर्षे हेच बघितले. तारीख पडली की उठायचे.” आणि ते खरोखरच उठून झोपायला गेले. मुलगा त्याआधीच शेंगदाण्याच्या वाटीशेजारी आडवा झाला होता. कॅमेरा हलत का नाही, काही बिघडले आहे का, असे काकूंनी दोनदा विचारले. मला मात्र चित्रपट फार आवडला, ही माझी अडचण आहे.

मुलीचा आता ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटासाठी हट्ट आहे. अशा मंडळींसमोर काय लावावे आणि ते कशावरून ठरवावे?

मधली रांग:

आपण पुरस्कार पाहिला, पण तो कोणी आणि कशासाठी दिला हे पाहिले नाही. मी स्वतः बरीच वर्षे हीच चूक करत आलो असल्यामुळे ठामपणे सांगतो. ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिसला ज्या ‘ओरिझोन्ती’ विभागात पारितोषिक मिळाले, तो विभागच सिनेमाच्या नव्या वाटा धुंडाळणाऱ्यांसाठी आहे. चैतन्य ताम्हाणे यांनी कॅमेरा एका जागी रोवून ठेवला आहे, कारण निकालापेक्षा न्यायालयातला कंटाळा, कागदांची उलथापालथ आणि पुढची तारीख हाच त्यांचा विषय आहे. तेव्हा काकूंचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, त्यांनी नेमके मर्म पकडले आहे.

याउलट अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ घ्या. त्याला त्याच वर्षी बर्लिनला क्रिस्टल बेअर मिळाले आणि ते देणारे परीक्षक चक्क मुले होती. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे कोकणातल्या गावी येऊन पडलेल्या मुलाची ही गोष्ट आहे. नऊ वर्षांच्या मुलासाठी कोणाचा कौल मानावा, याचे उत्तर त्यातच आहे.

सुवर्णकमळालाही एकच एक चव नसते. आजवर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ या पाच मराठी चित्रपटांना मिळाले. ‘श्वास’ची गोष्ट एका वाक्यात सांगता येते: डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार आहे आणि ती जाण्याआधी आजोबांना त्याला जग दाखवायचे आहे. घरातले आजी-आजोबा त्यात लगेच गुंततील, पण नंतर घरात जी शांतता पसरेल तिची तयारी ठेवा. ‘देऊळ’ हसवता हसवता गावात देवस्थान कसे उभे राहते ते दाखवतो. ‘कासव’ नैराश्यावरचा आहे, तो आधी एकटीने पाहा.

सुताची गुंडी:

वरचे सगळे मान्य आहे, पण मूळ प्रश्न दिवाणखान्याचा आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात कूलर लावला की त्याच्या घरघरीत हळू आवाजातले संवाद कळत नाहीत, आणि नावाजलेल्या चित्रपटांतली माणसे नेमकी हळूच बोलतात. आम्ही मराठी चित्रपटालाही खालची अक्षरे सुरू ठेवतो. ती बहुधा इंग्रजीत असतात, हे खरे, पण निदान तरुण मंडळींचे तरी काम भागते. त्याच कारणाने मी कोरियन आणि इराणी चित्रपट सध्या बाजूला ठेवीन; पळती अक्षरे वाचायची की पडद्यावरचे चेहरे पाहायचे, अशा ओढाताणीत सासूबाईंची रात्र जाईल. ‘पॅरासाइट’मध्ये सोफ्यावरचा एक प्रसंग आणि शेवटचा रक्तपात आहे, तेव्हा तो नातवंडांना मांडीवर घेऊन पाहण्याचा चित्रपट नव्हे. शास्त्रीय गायकावरच्या ‘द डिसायपल’बाबतही सावध करतो. गाणे ऐकायला सासरे हौसेने बसतील आणि मध्येच सगळ्यांनी छताकडे पाहावे असा प्रसंग येईल.

माझे मत परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’ला. तो २०१४ चा, सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आणि पंढरपुरात घडणारा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला आहे. आईचे विणकामाचे यंत्र कर्जापायी हातचे गेले आहे आणि ते सोडवण्यासाठी वडिलांची आठवण असलेली सायकल विकायची वेळ आली आहे, म्हणून मुले एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. यंत्रावर घर चालणे आणि यंत्र अडकले की घर अडकणे म्हणजे काय, हे सोलापूरच्या आमच्या विणकरांच्या पूर्व भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. काकूंच्या माहेरी माग असतील, तर त्या सगळ्यांच्या आधी गोष्टीत शिरतील. आठाच्या आत जेवणे उरकून चित्रपट लावा. साडेनऊला लावलेला कोणताही चित्रपट संथच वाटतो.

करमाळ्याकडचा:

माझा सूर थोडा वेगळा आहे. सगळ्यांना रुचेल तेच शोधत गेलो, तर दर महिन्याला गोड चित्रपट लागतील आणि मुलगी दुसऱ्या खोलीत मोबाइलवर ‘पॅरासाइट’ पाहील. नागराज मंजुळे आमच्या तालुक्यातल्या जेऊरचे. त्यांच्या ‘फँड्री’त शाळेशेजारी डुकरे पकडणारे कुटुंब आहे. डुक्कर हाताशी आले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर डोळ्यांदेखत निघून जाते. आमच्या घरी या ठिकाणी आधी हशा पिकला आणि मग कोणी कोणाकडे पाहीना. नऊ वर्षांच्या मुलाने नंतर जातीबद्दल प्रश्न विचारले, तर ते घरातच विचारलेले बरे. ‘सैराट’ मात्र त्याला आताच दाखवू नका. तो जवळजवळ तीन तासांचा आहेच, शिवाय त्याचा शेवट लहान मुलाने झोपायच्या वेळी पाहण्याजोगा नाही.

आणि ताई, सासऱ्यांनी उठून जाताना जे उद्गार काढले, त्याहून नेमके परीक्षण मी वाचलेले नाही. चित्रपट फसला म्हणून ते उठले नाहीत, तो फार खरा निघाला म्हणून उठले.

जुळे सोलापूरकर:

सर्वांचे आभार. काल ‘एलिझाबेथ एकादशी’ लावला, पावणेआठला. मुलगा शेवटपर्यंत जागा होता. काकूंनी पहिल्या पंधरा मिनिटांतच, त्यांच्या वडिलांचे दोन माग एकदा कसे अडकले होते ते सांगायला सुरुवात केली, त्यामुळे मधला काही भाग आम्हाला मागे नेऊन पुन्हा पाहावा लागला. सासरे चष्मा लावून पूर्ण वेळ बसले. चित्रपट संपल्यावर जप्तीपूर्वी नोटीस कशी बजावतात, पंचनाम्यात काय लिहितात आणि पंच म्हणून सही करायला गल्लीतले कोणीच कसे पुढे येत नाही, हे त्यांनी अर्धा तास सांगितले. इतकी वर्षे या घरात असून त्यांच्या नोकरीबद्दल एवढे मी प्रथमच ऐकले. ‘कोर्ट’मधल्या त्या वकीलबाईंचे पुढे काय झाले, हेही जाता जाता विचारून घेतले. मी सांगितले नाही.

मुलीला ‘फँड्री’ कबूल आहे, तो आम्ही दोघी आणि यजमान मिळून आधी पाहू. पुढच्या महिन्यासाठी ‘किल्ला’ ठरला आहे. त्यातला कोकणातला पाऊस नीट ऐकू यावा म्हणून मी कूलर बंद ठेवायचे म्हणते आहे, त्यावर अजून घरात एकमत झालेले नाही.