मदत हवी आहे: नवऱ्याचा एडीएचडी आणि घरातले गैरसमज (सांगली)

नमस्कार. आम्ही विश्रामबागला राहतो. मिस्टरांना ३४व्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, उतावीळपणा होतो, असा मेंदूशी संबंधित विकार) निदान झालंय. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात, म्हणून डॉक्टरांनी सासूबाईंना यांच्या शाळेतल्या खोड्याही विचारल्या. तरी त्यांचं पालुपद एकच: "मुद्दाम करतो."

समोरचा बोलत असताना हे मध्येच तोंड घालतात. थांबलं तर डोक्यातला मुद्दा निसटतो म्हणे. परवा सासरे गणपतीच्या वर्गणीचा हिशेब सांगत होते, यांनी मिरजेच्या सतारींचा विषय काढला! सासरे भरल्या ताटावरून उठले. (सतारींची माहिती छान होती, ते सोडा.) गोळ्यांनी ऑफिसच्या कामात फरक पडलाय, घरातल्या बोलण्यात नाही.

साठीपुढच्या माणसांना हे कुणी समजावलंय का? कसं? सांगली-मिरजेत मोठ्यांच्या एडीएचडीची जाण असलेले समुपदेशक माहीत असतील तर तेही कळवा.