मदत हवी आहे: होस्टिंग बदललं आणि ब्लॉगवरचं सगळं मराठी बिघडलं

निळी शाई, शनिवार रात्री ११.४०

तातडीने मदत हवी आहे. गुरुवारी ब्लॉग नव्या होस्टिंगवर हलवला आणि एकही जुना लेख वाचता येईना. मराठी अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्यानंतर चलनाचं ते चार पायांचं गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी, अशा ओळीच्या ओळी. मधले इंग्रजी शब्द आणि आकडे मात्र शाबूत आहेत. बाजूच्या पट्टीतली विजेटही गायब. नव्या होस्टिंगवाल्यांचं एकच पालुपद, "सर्व्हर व्यवस्थित चालू आहे." २१४ लेख आहेत, लिनक्स, मोबाइल आणि मराठी टंकनावरचे. परत मिळतील का आणि कसे, एवढंच सांगा.

कोकणकडा, शनिवार रात्री ११.५२

फॉन्टची भानगड आहे. आमच्या छापखान्यात जुनी फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की अगदी असंच दिसायचं. ज्या फॉन्टात अक्षरजुळणी केलेली, तो बसवला की झालं. ब्लॉगला नोटो सान्स देवनागरी किंवा 'मुक्त' हा फॉन्ट लावून बघा. मुक्त तर मराठीसाठी फार सुंदर आहे, पाकळीचा ल आणि देठाचा श नीट येतो त्यात.

वायरमन, रविवार रात्री १२.०५

कोकणकडा, तुमचं उदाहरण युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांना एकच क्रमवारी मिळण्याच्या, आधीचं आहे. तेव्हा अक्षर फाइलीत रोमनच असायचं, फॉन्ट त्याला मराठी चेहरा द्यायचा. आता फॉन्ट नसता तर रिकामे चौकोन दिसले असते. इथे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवण्याची पद्धत, चुकलंय.

ताई, चार गोष्टी सांगा. वर्डप्रेस आहे का? ब्लॉग कोणत्या साली सुरू केला? डेटाबेस कसा आणला? आणि जुन्या होस्टिंगचं खातं अजून चालू आहे का? कुठेही प्रश्नचिन्हं दिसतायत का, तेही बघा. प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर गेला असण्याची शक्यता आहे. वेडीवाकडी रोमन अक्षरं असतील तर तो जवळजवळ नक्की सुटतो.

निळी शाई, रविवार रात्री १२.११

वर्डप्रेसच. डेटाबेस हाताळणाऱ्या पीएचपीमायॲडमिनमधून एक्सपोर्ट केलं, इकडे इंपोर्ट केलं. सगळे करतात तसंच.

सातूचं पीठ, रविवार रात्री १२.३०

खरा उपाय कडू आहे, पण सांगतोच. वर्डप्रेस सोडा. माझा ब्लॉग चार वर्षांपूर्वी ह्यूगो या साइट बनवणाऱ्या साधनावर नेला. प्रत्येक लेख म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, युनिकोडच्या यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये. डेटाबेस नाही, त्यामुळे डेटाबेस बिघडण्याचा प्रश्न नाही. होस्टिंग बदलायचं म्हणजे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवायचं. गिटमध्ये प्रत्येक बदल जपलेला असतो. वैयक्तिक ब्लॉगला दर वेळी पान घडवून देणारा सर्व्हर लागतोच कशाला?

गणकचूर्ण, रविवार रात्री १२.४२

आणि प्रतिसादांचं काय? ह्यूगोत प्रतिसाद ठेवायला बाहेरची सेवा जोडावी लागते, म्हणजे आपल्या वाचकांचं बोलणं परक्याच्या घरी. शिवाय आधी मजकूर नीट वाचता आला पाहिजे, तेव्हाच तो फाइलींमध्ये काढता येईल. बिघडलेला मजकूर ह्यूगोत नेला तर तिथेही बिघडलेलाच दिसेल.

सातूचं पीठ, रविवार रात्री १२.४९

प्रतिसादही त्याच फोल्डरात फाइली करून ठेवता येतात, मी ठेवलेत. पण आधी मजकूर सोडवायला हवा, हे मान्य.

निळी शाई, रविवार सकाळी ८.२०

प्रतिसाद सोडून मी कुठेही जाणार नाही. टंकनाच्या लेखाखाली एका निवृत्त मास्तरांनी रोज एक ओळ लिहून मराठी टंकन शिकलंय. पहिल्या ओळीत काना-मात्रा कुठच्या कुठे, आणि महिनाभराने पूर्ण परिच्छेद. ते आता नाहीत.

रात्रीत ११ लेख दुरुस्त केले. एका ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये मजकूर टाकला की मराठी परत येतं. पण जोडाक्षरं तुटतात, तिथे काळ्या शंकरपाळ्यात प्रश्नचिन्ह येतं. 'माझा'तला झ जातो. 'तुम्ही'तला उकार जातो आणि म्ह फुटतो. 'दूध' मात्र नीट येतं. हाताने भरत बसले तर महिना जाईल. म्हणजे मजकूर गेलाच का?

वायरमन, रविवार सकाळी ८.४५

थांबा! त्या कन्व्हर्टरला आता हात लावू नका आणि ते ११ लेख पक्के धरू नका.

मजकूर गेलेला नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त हे तीन-तीन बाइटचं (बाइट म्हणजे साठवणीतला एक आकडा) असतं. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या मोजणीत, पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५. हेच बाइट कोणी लॅटिन-१, म्हणजे रोमन लिपीचं जुनं एकेका बाइटचं एन्कोडिंग, समजून वाचले तर ई० म्हणजे तिरक्या रेघेचा 'ए' आणि ए४ म्हणजे ते चलनाचं चिन्ह. म्हणून तुम्हाला तीच जोडी पुन्हा पुन्हा दिसते.

आता तुमचा झ. विंडोजच्या १२५२ या कोडपेजात (अक्षरतक्त्यात) ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी हे पाच आकडे रिकामे आहेत, त्यांना चिन्हच नाही. हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी. ऱ्हस्व उकाराचा ८१. मराठी ए चा ८एफ, ऐ चा ९०, झ चा ९डी. कन्व्हर्टरने नेमके हेच गाळले. दीर्घ ऊकाराचा ८२ आहे आणि त्याला चिन्ह आहे, म्हणून 'दूध' वाचलं. वर्डप्रेसचा डेटाबेस, मायएसक्यूएल, ज्याला लॅटिन-१ म्हणतो ते असतं हेच १२५२, पण हे पाच आकडे तो गाळत नाही, जसेच्या तसे सांभाळतो. म्हणून दुरुस्ती डेटाबेसमध्येच व्हायला हवी. ब्राउझरमधून चिकटवाचिकटवी करून ती होणार नाही.

माझे दोन प्रश्न अजून तसेच आहेत. ब्लॉग कधीचा? जुनं खातं चालू आहे का?

मोडीवाचक, रविवार सकाळी ९.१०

एक विचारतो, लेखांचे पत्ते मराठीत आहेत का? असतील तर ही संधी साधून रोमन करून टाका. वर्डप्रेस पत्त्याला २०० अक्षरांची जागा देतो, आणि मराठीचं एक अक्षर टक्केचिन्हांच्या रूपात ९ जागा खातं. म्हणजे जेमतेम २२ अक्षरं मावतात, त्यात काना-मात्राही मोजायच्या. माझे कितीतरी पत्ते शब्दाच्या मधोमध तुटलेत. व्हॉट्सॲपवर पाठवले की चार ओळींचं भेंडोळं होतं.

निळी शाई, रविवार सकाळी ९.३०

पत्त्यांचा काही त्रास नाही, जुन्या सगळ्या लिंक उघडतायत. ब्लॉग २००६ चा. जुनं खातं या महिनाअखेरीपर्यंत चालू आहे, तिथे ब्लॉग नीट दिसतोय. हे आधी सांगायला हवं होतं का?

वायरमन, रविवार सकाळी ९.३४

तेच तर हवं होतं! सगळं परत मिळेल.

२००६ म्हणजे वर्डप्रेस २.२ च्या आधीचं. डेटाबेसशी कोणत्या कॅरॅक्टर सेटमध्ये बोलायचं ते सांगणारी ओळ कॉन्फिग फाइलीत २.२ पासून आली, २००७ मध्ये. ती ओळ तुमच्या जुन्या फाइलीत कधीच नसणार. मायएसक्यूएलचा मूळ सेट तेव्हा लॅटिन-१ होता, ८.० मध्ये तो यूटीएफ-८ एमबी-४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) झाला. तुमचा जुना डेटाबेस इतकी वर्षं मराठी बाइट लॅटिन-१ चं लेबल लावून ठेवतोय. देणारा आणि घेणारा दोघंही एकच चूक करत होते, म्हणून पडद्यावर बरोबर दिसायचं. नव्या जागी वर्डप्रेसने स्वतःची कॉन्फिग फाइल केली, तीत यूटीएफ-८ एमबी-४ लिहिलं, आणि चूक उघडी पडली. पत्ते वाचले कारण टक्केचिन्हं, आकडे आणि रोमन अक्षरं दोन्हीकडे सारखीच असतात.

दगडफूल, रविवार सकाळी ९.५०

मग एवढं रामायण कशाला? नव्या कॉन्फिग फाइलीत त्या ओळीत लॅटिन-१ लिहा. मी तीन ब्लॉग असेच चालवतोय. एक शब्द बदलला की दोन मिनिटांत सगळं मराठी परत.

गणकचूर्ण, रविवार सकाळी १०.०२

दगडफूल, दिसायला परत, पण रोग तसाच. पुढच्या वेळी होस्टिंग बदललं की पुन्हा हेच. ताई, गुरुवारनंतर काही नवीन लिहिलंत का?

निळी शाई, रविवार सकाळी १०.१५

हो, दोन लेख. ते नीट दिसतात. इंपोर्ट करण्याआधी एका ठिकाणी वाचून एसक्यूएल फाइलीत जिथे जिथे लॅटिन-१ होतं तिथे यूटीएफ-८ एमबी-४ करून टाकलं होतं. मला वाटलं हे तर सगळेच करतात.

गणकचूर्ण, रविवार सकाळी १०.२८

मग आता नव्या डेटाबेसमध्ये दोन जातींचा मजकूर आहे. जुन्याचं दोनदा एन्कोडिंग झालंय, नवा शुद्ध. दगडफूल यांची युक्ती केलीत तर जुने लेख दिसतील आणि नव्या दोन लेखांत ओळभर प्रश्नचिन्हं उमटतील. माझं मत, जागच्या जागी दुरुस्त करा. रकाना आधी लॅटिन-१, मग ब्लॉब (नुसत्या बाइटचा रकाना), मग यूटीएफ-८ एमबी-४. मधल्या ब्लॉबमुळे मायएसक्यूएल बाइटना हात लावत नाही, फक्त लेबल बदलतं. तेवढे दोन लेख आधी बाहेर काढून ठेवा.

वायरमन, रविवार सकाळी १०.४०

जागच्या जागी नको. लेख, शीर्षकं, प्रतिसाद, वर्ग, सेटिंग्ज, प्रत्येक टेबलात मजकुराचे रकाने आहेत. एक सुटला तर वर्षभराने कळेल. शिवाय ते ११ हाताने 'दुरुस्त' केलेले लेख आहेत, त्यांचे बाइट आधीच तुटलेत. शुद्ध प्रत जुन्या सर्व्हरवर असताना या गुंत्यात शिरायचं कशाला?

पीएचपीमायॲडमिन वापरू नका, ते स्वतः यूटीएफ-८ मध्ये बोलतं. जुन्या खात्यात मायएसक्यूएलडम्प (डेटाबेसची फाइल काढणारी कमांड) चालवा आणि त्याला लॅटिन-१ मध्येच बोलायला सांगा, म्हणजे बदल न होता मूळ बाइट बाहेर पडतील. मग त्या फाइलीत लेबल बदला आणि नव्या रिकाम्या डेटाबेसमध्ये भरा. म्हणजे लेबल बदलण्याची तुमची कृती बरोबर होती, फाइल चुकीची होती. नेमक्या कमांड व्यक्तिगत निरोपाने पाठवल्या आहेत. भरल्यावर कुठल्याही शीर्षकाचे बाइट हेक्समध्ये बघा. ई०-ए४ ने सुरुवात असेल तर जिंकलात, सी३-ए०-सी२-ए४ असेल तर अजून दुहेरी आहे. विजेटही यानेच येतील. वर्डप्रेस त्यांच्या सेटिंगसोबत मजकुराची लांबी बाइटमध्ये लिहून ठेवतो. दुहेरी एन्कोडिंगने मजकूर फुगला, लांबी जुळेना, म्हणून त्याने ती वाचायचीच सोडली.

गणकचूर्ण, रविवार सकाळी १०.५५

जुनं खातं चालू आहे म्हणून तुमची पद्धत. ते बंद असतं तर माझीच लागली असती, एवढं लक्षात ठेवा.

पारिजातक, रविवार दुपारी १२.३०

विषय वेगळा आहे, पण मराठी ब्लॉगवर ॲडसेन्स (गुगलच्या जाहिराती) चालतं, मी लावलंय. पण सुरुवातीला जाहिराती लेखाच्या मधे टाकू नका, वाचक पळतो.

कोकणकडा, रविवार दुपारी १.१५

कोणी ब्लॉग वाचतं का आता? सगळे ब्लॉग एका जागी वाचायचा गुगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, तेव्हापासून माझी रोजची वाचनाची सवय मोडली. पन्नासएक मराठी ब्लॉग होते त्या यादीत, आता नावंही आठवत नाहीत. ताई, आरएसएस (नवे लेख वाचकाकडे पोचवणारी सोय) चालू ठेवा हो. नवीन लेख शोधत फिरण्याची ताकद नाही आता, तो दारात आला तर नक्की वाचेन.

निळी शाई, रविवार रात्री ९.४५

आलं! हेक्समध्ये ई०-ए४. विजेट परत आली, नवे दोन लेख पुन्हा चढवले. मास्तरांच्या सगळ्या ओळी बघितल्या, जोडाक्षरांसकट. वायरमन, गणकचूर्ण, तुमचे उपकार विसरणार नाही.

एकच राहिलंय. अगदी जुन्या सातआठ प्रतिसादांत अजून शेवटच्या अक्षराशी शंकरपाळी दिसतेय. जुन्या सर्व्हरवरही तिथे तशीच आहे, मी इतकी वर्षं पाहिलीच नव्हती.

वायरमन, रविवार रात्री १०.०५

नावाच्या रकान्यात आहे की मजकुराच्या? नावाचा रकाना लॅटिन-१ मध्ये २५५ बाइटचा असला तर मराठी ८५ अक्षरांत भरतो. वर्डप्रेसची कुठली आवृत्ती होती तेव्हा?

निळी शाई, रविवार रात्री १०.१२

मजकुराच्या. आवृत्ती आठवत नाही.

वायरमन, रविवार रात्री १०.१६

त्यातल्या एका प्रतिसादाचं हेक्स इथे टाका. आणि जुनं खातं महिनाअखेरीपर्यंत अजिबात बंद करू नका.