केनकेन प्रथमच शिकवताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न (अमळनेर)
आमच्या शाळेत सहावी-सातवीच्या मुलांना शनिवारच्या मोकळ्या तासाला केनकेन शिकवावे, असे मनात आहे. जपानी गणितशिक्षक तेत्सुया मियामोतो यांनी २००४ साली हे कोडे आपल्या विद्यार्थ्यांसाठी तयार केले. सुडोकू मुलांना ठाऊक आहे. येथे मात्र आडव्या-उभ्या ओळीत अंक पुन्हा न येण्याच्या नियमाबरोबरच, जाड रेषेने आखलेल्या प्रत्येक कप्प्यातील अंकांवर दिलेली क्रिया करून कोपऱ्यात छापलेले उत्तर यावे लागते. चारही क्रिया एकदम समोर आल्या की मुले अंदाजपंचे आकडे भरतील, अशी धास्ती वाटते. शिवाय एका कप्प्यात तोच अंक दोनदा चालतो का?

उत्तर (भुसावळ)
ताई, चार बाय चारच्या चौकटीनेच प्रारंभ करावा, तिच्यात १ ते ४ हेच अंक येतात. तीनची फार लवकर सुटते आणि मुलांचा हुरूप टिकत नाही. आधी पेन्सिल न उचलता, एकच जोडी बसेल असे दोन घरांचे कप्पे शोधायला लावावेत. बेरीज ७ म्हणजे ३ आणि ४. वजाबाकी ३ म्हणजे ४ आणि १, मग क्रम कोणताही असो. भागाकार २ मात्र २-१ नेही होतो आणि ४-२ नेही, म्हणून तो मागे ठेवावा.

मग ओळीची बेरीज दाखवावी, ती नेहमी १० येते. समजा, वरच्या ओळीतील पहिली दोन घरे मिळून बेरीज ७ चा कप्पा आहे. उरलेल्या दोन घरांत १ आणि २ हेच येणार. आता तिसरे घर आणि त्याच्या खालचे घर मिळून वजाबाकी ३ चा कप्पा असेल, तर तिसऱ्यात १, त्याखाली ४ आणि चौथ्यात २. एकही अंदाज न करता तीन घरे भरली! पहिल्या दोन घरांतील ३-४ चा क्रम अजून ठरलेला नाही. तो तसाच सोडून पुढे जायला मुले सहजी तयार होत नाहीत, आणि शिकवणाऱ्याचा खरा कस तेथेच लागतो.

उत्तर (धुळे)
कप्प्यात अंक पुन्हा चालतो. फक्त ती घरे एकाच आडव्या वा उभ्या ओळीत नसावीत. काटकोनात वळलेल्या तीन घरांच्या कप्प्यात बेरीज ४ असेल, तर १, १, २ याखेरीज मार्ग नाही आणि २ वळणाच्या घरातच बसतो. तीनची चौकट वगळावी, हे मात्र पटत नाही. फळ्यावर सर्वांनी मिळून सोडवायला तीच बरी.

उत्तर (भुसावळ)
फळ्यापुरते मान्य, वहीत मात्र चारचीच द्यावी.