मदत हवी आहे : दोन शेततळ्यांत पाणी वर-खाली फिरवून रात्रीसाठी वीज साठवता येईल का?

नमस्कार.

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बागेच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, एक शेततळे आहे आणि दुसरे खाली विहिरीजवळ. प्रत्येकात सुमारे 2000 घनमीटर पाणी मावते आणि दोन्हींच्या पातळीत साधारण 30 मीटरचा फरक आहे. दुपारी सौर पॅनेलची वीज शिल्लक राहते, आणि काढणीच्या हंगामात प्रीकूलिंगची (तोडलेली द्राक्षे लगेच थंड करण्याची) खोली मात्र रात्रभर चालवावी लागते. म्हणून दुपारी पाणी वर चढवावे आणि रात्री तेच टर्बाइनमधून खाली सोडावे, असा विचार आहे.

हे तत्त्व आपल्या शेजारीच, अकोले तालुक्यातील घाटघरला वापरात आहे. तिथे वरच्या धरणातील पाणी सह्याद्रीचा कडा उतरून शहापूर तालुक्यातील चोंढ्याच्या धरणात येते. 125 मेगावॉटचे दोन संच वीज तयार करतात आणि उलटे फिरवले की तेच पंप होतात. अशा मोठ्या प्रकल्पांत खर्च केलेल्या विजेपैकी साधारण 70 ते 80 टक्के वीज परत मिळते. पण तिथे पाण्याला सुमारे 400 मीटरची उंची लाभते, माझ्याकडे जेमतेम 30.

एक घनमीटर पाणी 30 मीटर उतरताना 0.08 युनिटच्या आसपास ऊर्जा देते, म्हणजे पूर्ण तळ्याची सुमारे 163 युनिट. लहान यंत्रांची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर हाती 98 युनिट येतात आणि पाणी चढवायला 272 लागतात. जवळपास दोन तृतीयांश वीज वाया जाते. अर्थात ती एरवीही पडूनच असते, म्हणून याचे मला फारसे दुःख नाही.

खरी अडचण पाण्याची आहे. ही योजना चालवायची तर दोहोंपैकी एक तळे रिकामे ठेवावे लागेल, म्हणजे एप्रिलच्या खरड छाटणीसाठी (काढणीनंतर वेलींच्या होणाऱ्या छाटणीसाठी) राखलेले निम्मे पाणी आधीच सोडून द्यावे लागेल. दोन्ही तळी थोडी थोडी भरलेली ठेवली, तर साठणारी वीज त्याच प्रमाणात घटते.

जाणकारांनी कृपया पुढील बाबतीत मार्गदर्शन करावे. साधा सेंट्रिफ्युगल पंप उलटा चालवून या उंचीवर किती कार्यक्षमता मिळते, आणि प्रवाह कमी-जास्त झाल्यास ती कितपत घसरते? दहा तासांत तळे रिते करायचे तर सेकंदाला 55 लिटर पाणी सोडावे लागेल. सध्याच्या 110 मिलिमीटर वाहिनीत एवढ्या प्रवाहाची सगळी उंची घर्षणातच खर्च होईल, तेव्हा 250 मीटर अंतरासाठी 200 मिलिमीटरची वाहिनी पुरेल का? तळे रोज भरून रिकामे केल्यास प्लास्टिकचे अस्तर वाऱ्याने उचलले जाते किंवा शिवणीत फाटते, असा कोणाचा अनुभव आहे का?

आणि सुमारे 100 युनिटच्या लिथियम बॅटरीशी तुलना करता वाहिनी, टर्बाइन आणि नियंत्रक यांचा एकत्रित खर्च खरोखर कमी येतो का, हे कोणी प्रत्यक्ष हिशेब करून पाहिले असल्यास आकडे द्यावेत, ही विनंती.