जेलमधून सुटून आलेल्या शेजाऱ्याशी कसं वागायचं?

नगरची_ताई:
जय ख्रिस्त सगळ्यांना. आमच्या चाळीत समोरच्या खोलीत एक भाऊ येरवड्याहून सुटून आलेत, नऊ वर्षं आत होते, मारामारीत एक माणूस गेला होता. म्हातारी आई आहे, तिच्याकडेच राहतात, आमच्या मंडळीतलेच, म्हणजे आमच्याच चर्चचे. मी रविवारी कृपेवरचा संदेश ऐकते, आमेन म्हणते आणि घरी आले की मुलीला सांगते कडी लावून घे. परवा जिन्यात भेटले, "ताई सिलेंडर वर नेऊन देऊ का" म्हणाले, माझ्या तोंडून चटकन नको निघालं, तर मी जाईपर्यंत भिंतीला चिकटून उभे राहिले. तेव्हापासून झोप नाही लागत. मुलगी १४ वर्षांची आहे, भीती पण खोटी नाहीये हो. काय करू?

वसईकर:
ताई, भीती वाटली म्हणजे विश्वास कमी असं धरू नका. बायबलमधला शौल, जो आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करायचा आणि पुढे पौल झाला, तो यरुशलेमला आला तेव्हा शिष्यसुद्धा घाबरलेच होते, त्यांच्यातल्याच बर्णबाने त्याला सोबत घेऊन प्रेषितांकडे नेलं तेव्हा कुठे जमलं. आमच्याकडे सिस्टर राणी मारियांबद्दल बोलतात. १९९५ ला मध्य प्रदेशात समंदर सिंगने त्यांना बसमध्ये भोसकून मारलं, गरीब आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम करत होत्या त्या. २००२ मध्ये त्यांची सख्खी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधून आली. २००६ ला तो सुटला, पुढे केरळला त्यांच्या घरी गेला तर आईने त्याच्या हातांचे मुके घेतले, त्याच हातांचे! पण मधली वर्षं मोजा ना, एका रात्रीत नाही झालं ते.

शिरूरचा:
मी स्वतः सहा वर्षं आत काढलीत म्हणून लिहितो. बाहेर आल्यावर कित्येक दिवस मी घरातल्या बंद दारापुढे नुसता उभा राहायचो, कोणीतरी उघडेल म्हणून, कारण आत दार कधी आपण उघडायचं नसतं, आणि पहाटे कैद्यांच्या गिनतीच्या वेळेला आपोआप जाग. मोठी मदत नको असते ताई. माझं राशन कार्डावरचं नाव कमी झालेलं, बँकेचं खातं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेलं, परत केवायसी करा, आणि प्रत्येक खिडकीवर तोच प्रश्न, इतकी वर्षं कुठे होता. आमचे पाळक (पास्टर) माझ्यासोबत रांगेत उभे राहिले आणि त्या प्रश्नाला "माझ्या ओळखीचे आहेत" एवढंच बोलले. पौल फिलेमोनाला त्याच्या दासासाठी, अनेसिमासाठी, हेच लिहितो, त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. पुढच्या वेळी सिलेंडरला हो म्हणा.

मिरजेची:
सगळं पटतंय पण जो माणूस गेला त्याच्या घरच्यांचं काय? ते पण जवळपासच असतील. त्यांना कोणी मंडळीसमोर उभं करून क्षमा करा म्हणू नका प्लीज. आमच्या नात्यात झालंय हे, भर उपासनेत हातात हात द्यायला लावले, काकू त्यानंतर कधी मंडळीत आली नाही. बायबलमधला जकातदार जक्कय चौपट परत देतो म्हणाला ते स्वतःहून म्हणाला आणि ज्यांचं नुकसान केलं त्यांना देतो म्हणाला. मुलीचं म्हणाल तर ती एकटी असताना घरात कोणालाच घ्यायचं नाही हा नियम ठेवा, तो काकांना, दूधवाल्याला, सगळ्यांना सारखा. फक्त या भाऊंसाठी वेगळी कडी नको.

नगरची_ताई:
वाचून रडले. आज तांदळाचा कट्टा आला तर मीच हाक मारली त्यांना, नेला वर. आत या म्हटलं तर उंबऱ्याशीच थांबले, मग मी चहा बाहेर गॅलरीत आणला, त्यांच्या आईला पण बोलावलं. कप दोन्ही हातांनी धरून पीत होते. राशन कार्डाचं विचारलं, खरंच नाव कमी झालंय. सोमवारी आमचे हे त्यांच्यासोबत तहसीलला जाणारेत. शिरूरच्या भाऊ, तुम्हाला कोणकोणते कागद लागले होते ते सांगाल का?